खुडूक कोंबडी : बसवावी की उठवावी?

ज्या घरी परसात चार-पाच देशी कोंबड्या आहेत, त्या घरी वर्षातून दोन-तीन वेळा तरी एक प्रश्न उभा राहतो. काल-परवापर्यंत नेमाने अंडी देणारी कोंबडी एकाएकी अंडी देण्याचे बंद करते, टोपलीत जाऊन बसते ती उठतच नाही, आणि कोणी हात पुढे केला तर सर्वांगाची पिसे फुगवून चोच मारते. घरची मंडळी म्हणतात, कोंबडी खुडूक झाली. पुढे काय करावे याविषयी मात्र एकमत नसते. सासूबाई म्हणतात, बसवून टाका. सून म्हणते, बसवायला अंडी कोठे आहेत, सगळी बाजारी गेली. मुले तिला हुसकावून लावतात आणि ती पाच मिनिटांत परत येऊन बसते. या गोंधळात तीन आठवडे जातात. अंडीही मिळत नाहीत, पिलेही निघत नाहीत, आणि कोंबडी मात्र निम्मी होते.

आमचे असे मत आहे की खुडूकपणामुळे जे नुकसान होते त्याचा मोठा भाग या अनिश्चयाचा असतो, कोंबडीचा नव्हे. कोंबडी खुडूक झाली हे कळल्यापासून दोन दिवसांच्या आत तिला बसवायचे की उठवायचे हे ठरवावे, आणि जे ठरेल ते नीट पार पाडावे. ते कसे करावे हे या पाठात सांगण्याचे योजिले आहे. जे बंधू वस्तीत रात्री वाचून दाखवतात त्यांनी हा पाठ विशेषेकरून भगिनींच्या कानी पडेल असे करावे. कारण कोंबड्या बहुतेक घरी त्यांच्याच हाती असतात, व अंड्यांचा पैसाही बहुधा त्यांचाच असतो.

प्रथम ही अवस्था काय आहे ते समजून घेऊ. खुडूकपणा हा रोग नव्हे, आळस तर नव्हेच. काही भागांत यालाच रवणावर बसणे म्हणतात. कोंबडीच्या मेंदूच्या तळाशी एक लहानशी ग्रंथी आहे. तिच्यातून प्रोलॅक्टिन नावाचा स्राव रक्तात उतरू लागला म्हणजे अंडी देणे थांबते आणि उबवण्याची ओढ लागते. हा स्राव कशाने वाढतो? टोपलीत साचलेल्या अंड्यांचा पोटाला होणारा स्पर्श, तेथील ऊब, आणि अंधार व एकांत, यांनी. बसलेल्या कोंबडीच्या छातीखालची पिसे विरळ होतात व उघडी कातडी अंड्यांना लागते. ती कातडी ऊन असते. हे एवढे ध्यानात ठेवले तर पुढे सांगितलेल्या सर्व उपायांचे मर्म आपोआप कळेल. तिला बसवावयाचे असेल तर ऊब, अंधार व एकांत द्यावा; उठवावयाचे असेल तर हीच तीन काढून घ्यावी.

खुडूक कोंबडी ओळखण्यास कठीण नाही. ती रात्रीही माच्यावर न जाता टोपलीतच राहते. घोगरा असा खुडुक खुडुक आवाज करते. तुरा फिकट पडतो. दिवसातून एकदा उठते तेव्हा एकदम मोठी व फार दुर्गंधी शीट टाकते. परंतु एक दिवस बसली म्हणजे ती पक्की झाली असे मानू नये. दोन-तीन गुळगुळीत पांढरे गोटे किंवा मातीची भाजलेली अंडी तिच्याखाली ठेवून दोन रात्री पाहावे. दुसऱ्या रात्री हात घातला असता ती उठून न पळता तेथेच फुगून बसली तर ती पक्की खुडूक. अशी परीक्षा न करता दहा चांगली अंडी तिच्याखाली ठेवणारी पुष्कळ घरे आहेत; चौथ्या दिवशी ती उठून परसात चरावयास जाते आणि दहाही अंडी वाया जातात.

आता हिशेब. आपली देशी कोंबडी एका खेपेस बारा-पंधरा अंडी देते. त्यास तीन आठवडे लागतात असे धरू. मग ती बसते, एकवीस दिवस. मग पिलांमागे दोन महिने व कधी अडीच महिने हिंडते. मग थोडा विसावा घेऊन पुन्हा अंड्यांवर येते. असे एक फेरे साधारण चार महिन्यांचे होते, म्हणजे वर्षात तीनच फेरे. सर्वसाधारण देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते म्हणतात त्याचे एक मोठे कारण हे आहे. तिच्या अंगी अधिक देण्याची शक्ती नाही असे नव्हे. तिचा बहुतेक काळ बसण्यात व पिले वाढवण्यात जातो. जी कोंबडी खुडूक होताच तीन-चार दिवसांत उठवली जाते ती साधारण दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंडी देऊ लागते. म्हणजे एखाद्या बाईपाशी चार कोंबड्या असल्या व चारही खुडूक झाल्या, तर चारही बसवाव्या असे मुळीच नाही. दोन बसवाव्या, दोन उठवाव्या, हे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. घरात मुलांच्या तोंडी अंडे पडावे असे ज्यांना वाटते त्यांनी तर हा हिशेब अवश्य मांडून पाहावा.

उठवायची कोणती आणि बसवायची कोणती? जी पहिल्यानेच खुडूक झाली अशी तलंग शक्यतो बसवू नये. दुसरी मिळत नसेल तर गोष्ट निराळी. जी फार जड आहे ती अंडी फोडते. जिच्या अंगावर उवा आहेत ती स्थिर बसत नाही. जी मागे एकदा बसून पिले जगवून दाखवलेली, मध्यम अंगाची, माणसाला न बुजणारी आहे ती सर्वांत उत्तम. ऋतूही पाहावा. आपल्या देशावर आश्विन-कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ पिलांना सर्वांत मानवतो: हवा थंड, जमीन कोरडी, खळ्यावर दाणा सांडलेला. चैत्र-वैशाखात अंडी साठवतानाच बिघडतात. भर पावसाळ्यात अंडी चांगली फुटतात, पण पिले ओलीने मरतात. म्हणून ज्येष्ठ-आषाढात खुडूक झालेली कोंबडी, घरात कोरडी जागा नसेल तर, बेलाशक उठवावी.

उठवण्याची रीत

येथे काही कठोर शब्द लिहिणे भाग आहे. कोंबडी उठवण्यासाठी आपल्या खेड्यांतून ज्या रीती चालतात त्यांतील काही अघोरी आहेत. कोणी तिच्याच पंखाचे पीस तिच्या नाकपुड्यांतून आरपार घालतात. कोणी पाय बांधून उलटी टांगतात. कोणी थंड पाण्यात बुचकळून काढतात. कोणी दोन-तीन दिवस पाण्याविना कोंडतात. मुक्या प्राण्याला एवढे दुःख देण्याचा आपणांस अधिकार नाही, हे तर आहेच. परंतु ज्यांना ते पटत नाही त्यांनी निदान आपला लाभ पाहावा. नाकात पीस घातलेली कोंबडी नीट खाऊ शकत नाही व तेथे जखम चिघळते. थंडीत भिजवलेली कोंबडी सर्दीने आजारी पडते. उपाशी ठेवलेली कोंबडी पुन्हा अंड्यांवर यावयास उलट अधिक दिवस घेते. कारण अंडे काही हवेतून तयार होत नाही. पाण्यात बुचकळण्याचा थोडा गुण येतो तो पोट गार झाल्याने येतो. मग पोट गार करण्याची बिनधोक रीत असताना ही कशाला?

ती रीत अशी. बांबूच्या कामट्यांचे, खाली फटी असलेले डालगे किंवा जुना जाळीचा पिंजरा घ्यावा. चार विटांवर किंवा दोन लाकडांवर तो जमिनीपासून हातभर उंच ठेवावा, की खालून वारा खेळेल. आत काड, गोणपाट, पाला काहीही घालू नये. जागा उजेडाची असावी, पण उन्हाची नव्हे. इतर कोंबड्या जेथे चरतात तेथेच असली तर फारच चांगले. त्यात कोंबडी ठेवून तिला पोटभर दाणा व स्वच्छ पाणी द्यावे. खालून पोटाला वारा लागतो, उजेड असतो, बसावयास मऊ काही नसते. ऊब, अंधार व एकांत तिन्ही नाहीशी होतात. तीन दिवसांनी तिला सोडून पाहावे. ती सरळ टोपलीकडे धावली तर आणखी दोन दिवस ठेवावी; इतरांबरोबर उकरू लागली तर काम झाले. ज्या दिवशी खुडूकपणाची चिन्हे दिसली त्याच दिवशी हे केले तर तीन दिवस पुष्कळ होतात. आठ-दहा दिवस बसू दिल्यावर केले तर आठवडाही लागतो. रात्री तिला तेथेच ठेवावयाचे असल्यास मांजर-मुंगसापासून बंदोबस्त करावा, हे सांगावयास नकोच.

अंडी रोज सायंकाळी उचलीत जावी. टोपलीत ढीग साचला की खुडूकपणाला आमंत्रणच मिळते, आणि एक बसली की तिच्या पाहण्यात दुसरीही बसते. मात्र सगळीच उचलली तर देशी कोंबडी लबाड असते. ती कुंपणात किंवा कडब्याच्या गंजीखाली गुप्त जागा शोधते. म्हणून एक मातीचे अंडे टोपलीत राहू द्यावे. कधी कधी अशी हरवलेली कोंबडी तीन आठवड्यांनी दहा पिले घेऊन अंगणात उभी राहते, व ती कथा गावात वर्षभर सांगितली जाते. ज्या कोंबड्या मुंगसाने गंजीखालीच नेल्या त्यांची कथा कोणी सांगत नाही.

अंडी व टोपली

बसवावयाचे ठरले तर अर्धे यश अंडी निवडण्यात आहे. कळपात कोंबडा असला पाहिजे. आठ-दहा कोंबड्यांना एक निरोगी कोंबडा पुरे. कोंबडा नसतानाही कोंबडी अंडी देते, पण ती वांझ असतात. शेजाऱ्याचा कोंबडा अधूनमधून येतो यावर विसंबू नये. अंडी मध्यम आकाराची, नीट घडणीची, बिनतड्याची घ्यावी. मळकी अंडी धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरचे नैसर्गिक पातळ आवरण जाते आणि कवचाच्या बारीक छिद्रांतून घाण आत शिरते. ज्यांवर शीट वाळली आहे ती खाण्यास ठेवावी, उबवण्यास नको.

अंडे किती दिवसांचे असावे? हिवाळ्यात आठ दिवस, फार तर दहा. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांहून जुने नको. याचे कारण असे की अंड्यातील जीव ऊब मिळताच हळूहळू वाढू लागतो. उन्हाळ्यातील घरची हवा त्याला जागे करण्याइतकी उष्ण असते, पण जगवण्याइतकी सारखी नसते; म्हणून तो थोडा वाढून मरतो. कोंबडी बसण्यापूर्वीच अंडी गेलेली असतात, आणि दोष कोंबडीला लागतो. यासाठी घराच्या थंड कोपऱ्यात एक रुंद तोंडाचे मडके ओल्या वाळूत अर्धे पुरावे, आत कोरडे कापड घालून त्यावर अंडी निमुळते टोक खाली करून ठेवावी, व तोंडावर ओले फडके घालावे. वाळू रोज शिंपावी. अंड्याला मात्र पाणी लागू देऊ नये. अंडी चुलीजवळच्या फडताळात ठेवण्याची चाल फार आहे; ती मोडावी. शीतपेटीत ठेवलेली फार गार झालेली अंडीही उबवणीस चांगली नाहीत.

कोंबडी लहान असेल तर आठ-नऊ, मध्यम असेल तर दहा ते बारा अंडी पुरे. लोभाने पंधरा-अठरा ठेवली तर कडेची अंडी उघडी पडतात. आणि कोंबडी दिवसातून अनेक वेळा अंडी फिरवते व कडेची मध्ये, मधली कडेला करते. त्यामुळे आज एक गार पडले, उद्या दुसरे, असे होऊन सर्वांचाच नाश होतो. हे फिरवणे आवश्यक आहे, कारण न फिरवलेल्या अंड्यातील जीव कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटून मरतो.

टोपली हात-सव्वा हात रुंदीची, उथळ, तळाला गोलाई असलेली घ्यावी. तळाशी चार बोटे राख व बारीक माती, वर चुरगाळलेले मऊ काड. त्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा तंबाखूच्या देठांचे तुकडे घातले तर उवा-पिसवांना आळा बसतो. बसवण्याच्या आदल्या दिवशी कोंबडीच्या पंखांखाली व शेपटीच्या मुळाशी पिसे बाजूला करून पाहावे. उवा असल्या तर राखेत चांगली लोळू द्यावी, आणि फार असल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून भुकटी आणावी. एकवीस दिवस एका जागी बसणाऱ्या प्राण्याचे रक्त रात्रंदिवस पिण्यास पिसवांना याहून सोयीचे स्थान कोणते? पुष्कळ कोंबड्या मधेच उठून जातात त्या कंटाळून नव्हे. त्या या किड्यांनी हैराण होऊन जातात.

काही घरी टोपलीत लोखंडाचा खिळा, कोळसा किंवा लाल मिरची ठेवतात. मेघगर्जनेने अंडी जातात, ती जाऊ नयेत म्हणून. गर्जनेने अंडी जात नाहीत. गर्जनेच्या दिवसांत हवा उष्ण व दमट असते, छप्पर गळते, कोंबडी दचकून उठते, यामुळे जातात. खिळा ठेवणाऱ्याने छपराकडे पाहिले असते तर अधिक बरे झाले असते.

एकवीस दिवस

अंडी रात्री ठेवावी. दिवसा ठेवली तर कोंबडी बिथरते. अंधारात गोटे काढून घेऊन एकेक अंडे तिच्या पोटाखाली सरकवावे. सर्व अंड्यांवर कोळशाची खूण करावी व सर्व एकाच वेळी ठेवावी. दुसऱ्या कोंबडीने त्या टोपलीत नवे अंडे टाकले तर ते बिनखुणेचे म्हणून लगेच ओळखू येते व काढून घेता येते. नाहीतर दहा पिले निघतात, अकरावे अंडे अर्धवट राहते, आणि कोंबडी कोणाकडे पाहावे या पेचात पडते.

रोज सकाळी एकदा तिला उठू द्यावे. ज्वारी, बाजरी किंवा मका अख्खा द्यावा. भरड्यापेक्षा अख्ख्या दाण्याने शीट घट्ट राहते. जवळ पाणी व राखेची जागा असावी. पंधरा-वीस मिनिटे ती बाहेर राहिली तर अंड्यांना काही होत नाही. काही कोंबड्या इतक्या एकनिष्ठ असतात की उठतच नाहीत. तशीला दोन्ही हातांनी हळूच उचलावे, पंखात अंडे अडकलेले नाही ना हे पाहून. न खाता बसून राहिली तर ती अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी अंड्यांवरच मरून पडल्याची उदाहरणे आहेत. अंड्यांना सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस ऊब लागते. ती देण्यास तिच्या अंगात रक्त हवे आणि रक्तास दाणा हवा.

सातव्या रात्री अंडी दिव्यावर पाहावी. जाड कागदाची नळी करून तिच्या टोकाला अंडे धरावे व मागून बॅटरीचा उजेड पाडावा. हल्ली खेडोपाडी मोबाइल फोनला दिवा असतो, त्यानेही उत्तम दिसते. फळलेल्या अंड्यात कोळ्यासारखा ठिपका व त्यापासून निघालेल्या तांबड्या शिरा दिसतात. वांझ अंडे ताज्यासारखे निव्वळ स्वच्छ दिसते. ज्यात रक्ताचे नुसते कडे आहे त्यातील जीव मेलेला असतो. वांझ व मेलेली काढून टाकावी, नाहीतर ती सडून फुटतात व शेजारच्या चांगल्यांचा घात करतात. काढलेली अंडी कुत्र्याला घालायची तर उकडून, कवच काढून घालावी; एकदा कच्च्या अंड्याची चव लागलेला कुत्रा मग टोपलीच शोधतो.

दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवण्याचा लाभ येथे दिसतो. दोघींची मिळून सात-आठ अंडी वांझ निघाली, तर उरलेली सर्व एकीखाली घालून दुसरीला उठवता येते. आणि पिले निघाल्यावर रात्रीच्या अंधारात सर्व पिले एकीच्या पंखाखाली सरकवता येतात. पिले एकाच दिवसाची असली व दोन-तीन दिवसांच्या आतच हे केले तर बहुतेक कोंबड्या तक्रार करीत नाहीत. थंडीचे दिवस नसले तर एक चांगली आई पंधरा पिले सहज सांभाळते. दुसरी मोकळी होऊन अंड्यांवर येते.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. हवा फार कोरडी असेल तर टोपलीभोवतीच्या जमिनीवर कोमट पाणी शिंपावे. मुंग्यांची मात्र फार धास्ती बाळगावी: पिलू कवच फोडू लागले की त्या वासावर त्या येतात व जिवंत पिलू आतच खाऊन टाकतात. टोपली तिपाईवर ठेवून तिपाईचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवावे, किंवा भोवती राखेचे जाड रिंगण करावे. विसाव्या-एकविसाव्या दिवशी कवचाला भोक पडते. तेथून पिलू बाहेर पडण्यास एक दिवसही लागतो. पिलाची कीव येऊन कवच सोलणारे हात पुष्कळ पिले मारतात. आतल्या पापुद्र्यातील रक्त अद्याप पिलाच्या अंगात ओढले गेलेले नसते, आणि ओढून काढले की रक्तस्राव होतो. तेविसाव्या दिवसापर्यंत न फुटलेली अंडी पुरून टाकावी.

पिले

पिलाच्या पोटात बलकाचा साठा असतो. त्यावर ते दोन दिवस जगते. म्हणून निघाल्याबरोबर दाण्याची घाई नको. प्रथम उथळ ताटलीत पाणी, त्यात चार खडे, म्हणजे पिले बुडत नाहीत. नंतर तांदळाची कणी किंवा ज्वारीचा बारीक रवा. पण नुसत्या धान्यावर पिलू वाढत नाही. उकडलेले अंडे कुस्करून, कोकणात जवळा-सुकट कुटून, देशावर वाळवी, असे काही तरी द्यावे. वाळवी मिळवण्याची सोपी रीत आहे: जुन्या मडक्यात ओले शेण व काड भरून ते वारुळाजवळ रात्री पालथे ठेवावे, सकाळी मडके वाळवीने भरलेले असते. शेंगदाण्याची पेंड उत्तम, परंतु बुरशी आलेली पेंड हे विष आहे. १९६० साली इंग्लंडात टर्कीची एक लाखाहून अधिक पिले थोड्या महिन्यांत मेली. शोधाअंती कारण निघाले ते बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. आपल्याकडे पावसाळ्यात कोठीत तीच बुरशी येते. कुबट वास आला की पेंड पिलांना घालू नये, आणि ‘वाया जाते’ म्हणून तर मुळीच नाही.

पहिले तीन आठवडे आईला पिलांसह मोठ्या डालग्याखाली ठेवावे. खेड्यात दहा पिले निघाली व तीन जगली हे ऐकण्याची आपणांस इतकी सवय झाली आहे की सात मेली याचे नवल वाटत नाही. घार, कावळा, मांजर, मुंगूस आणि ओल, ही पाच त्यांना नेतात, आणि बहुतेक पहिल्या महिन्यात नेतात. डालगे रोज नव्या कोरड्या जागी हलवावे. एकाच ओल्या जागी राहिल्यास रक्ताची हगवण लागते. पिले आत-बाहेर जाऊ शकतील पण मोठी कोंबडी शिरू शकणार नाही अशा रुंद फटींची एक पाटी पालथी घालून तिच्याखाली पिलांचा दाणा ठेवला, तर थोडा दाणा पिलांच्याच पोटी जातो.

सहाव्या-सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे रानीखेत रोगाची, लस द्यावी. लासोटा नावाची ही लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब घालून देतात. पुढे सहा ते आठ आठवड्यांचे वय झाल्यावर त्याच रोगाची दुसरी लस टोचतात. ही साथ आली म्हणजे वस्तीतील खुराडी तीन-चार दिवसांत रिकामी होतात, व तिच्यावर औषध नाही. पुष्कळजण म्हणतात, दवाखान्यातले लोक दहा पिलांसाठी कुपी फोडीत नाहीत. यात त्यांचाही फार दोष नाही. एका कुपीत शंभर किंवा अधिक पिलांची लस असते, आणि एकदा कालवली की ती बर्फात ठेवूनही एक-दोन तासच टिकते. तेव्हा आपणच एक व्हावे. वस्तीतील आठ-दहा घरांनी ठरवून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवाव्या. ज्यांची कोंबडी चार दिवस आधी खुडूक झाली त्यांनी ती गोट्यांवर बसवून ठेवावी. एवढ्याने तिचे काही बिघडत नाही. मग शंभर पिले एका वयाची होतात, एक माणूस थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणतो, आणि एका सकाळी सगळ्या वस्तीचे काम होते. जेथे कोणी पुढाकार घ्यावयाचा असेल तेथे आमच्या कार्यकर्त्या बंधूंनी तो घ्यावा; यास पैसा नव्हे, नुसती चार घरी हाक मारणे लागते.

पिले महिन्याची झाली, अंगावर पिसे आली, आणि हवा फार थंड नसली, तर त्यांना आईपासून वेगळे करण्यास हरकत नाही. रात्री काड घातलेल्या पाटीत, वर गोणपाट टाकून ठेवावे. आई दोन दिवस आरडाओरड करते, मग विसरते, व दोन-तीन आठवड्यांत अंड्यांवर येते. पिलांमागे हिंडण्याचा तिचा एक महिना असा वाचतो. मात्र तिला लगेच दुसऱ्यांदा बसवू नये. एकदा बसून उठलेल्या कोंबडीचे वजन पुष्कळ उतरलेले असते, ते भरून येऊ द्यावे. वर्षातून दोनदा बसवणे पुरे. त्यापलीकडे ती खुडूक झाली तर उठवावी.

सुधारलेल्या जातींविषयी दोन शब्द. बेंगळूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेली गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेल्या वनराज व ग्रामप्रिया, किंवा जुनी पांढरी लेगहॉर्न, या कोंबड्या अंडी पुष्कळ देतात. पण निवड करकरून त्यांच्यातील खुडूकपणा जवळजवळ नाहीसा केलेला आहे. त्यांची अंडी कोणी तरी देशी कोंबडीच उबवते. शिवाय वनराज-गिरिराजच्या अंड्यांतून निघणारी दुसरी पिढी पहिलीसारखी उतरत नाही, हे विकत घेतानाच समजून असावे. ज्यांनी या जाती ठेवल्या आहेत त्यांनीही घरात दोन देशी कोंबड्या असू द्याव्या. त्या दोन कोणत्या हे ठरवण्यास स्मरणशक्ती पुरत नाही. खुराड्याजवळच्या भिंतीवर कोळशाने प्रत्येक कोंबडीची खूण काढून तिच्यापुढे किती अंडी ठेवली, किती फुटली व महिन्याअखेर किती पिले राहिली हे तीन आकडे लिहावे. आणि जिचे तिन्ही आकडे चांगले तिच्याच पिलांतील तलंगा विकावयास न काढता घरी ठेवाव्या.